विरोधी पक्षाचा नवा नेता : निवडून आल्यानंतर नेमकं काय अडतं?

मुळाक्षर (धागाकर्ता)

विरोधी पक्षाने नवा नेता निवडला की चर्चा रंगते ती भाषणाची, प्रतिमेची आणि ‘आता तरी पक्ष सावरणार का’ याची. त्याच्या हाती प्रत्यक्षात काय येतं, याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. संसदीय पद्धतीच्या देशांपुरतं ते इथे बोलू.

माझ्या मते पहिली अडचण अशी की त्याला निवडणारे एक असतात आणि रोज ज्यांच्यासोबत काम करायचं ते दुसरेच. ब्रिटनच्या हुजूर पक्षात २००१ साली खासदारांच्या शेवटच्या फेरीत केनेथ क्लार्क यांना ५९, इयन डंकन स्मिथ यांना ५४ आणि मायकेल पोर्टिलो यांना ५३ मतं पडली. पहिले दोघे पक्षाच्या साध्या सदस्यांपुढे गेले, आणि तिथे डंकन स्मिथ १,५५,९३३ विरुद्ध १,००,८६४ असे जिंकले. सदस्यांत ६१ टक्के, पण १६६ पैकी ११२ खासदारांची पसंती दुसऱ्याच कुणाला! ऑक्टोबर २००३ मध्ये खासदारांनी ९० विरुद्ध ७५ मतांनी त्यांना काढलं. एकही सार्वत्रिक निवडणूक त्यांच्या वाट्याला आली नाही.

आता मजूर पक्ष बघा. जून २०१६ मध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्याविरुद्ध १७२ खासदार आणि बाजूने फक्त ४०. तरी ते गेले नाहीत. सप्टेंबरमध्ये सदस्यांनी त्यांना ६१.८ टक्के मतांनी पुन्हा निवडलं. अंतर तेच, किंबहुना जास्तच. फरक नियमांत होता. हुजूर पक्षात १५ टक्के खासदारांनी पत्रं दिली की (२००३ मध्ये म्हणजे २५ खासदारांनी) विश्वासमत घ्यावं लागायचं आणि त्याचा निकाल बंधनकारक असायचा. मजूर पक्षात खासदारांच्या अविश्वास ठरावाला पक्षघटनेत आधारच नव्हता.

म्हणून नव्या नेत्याने निकालाच्या रात्री जनमत चाचण्या बाजूला ठेवाव्यात आणि पक्षाची घटना वाचायला घ्यावी. आपल्याला काढण्याचा रस्ता कुठून जातो, सही कुणाची लागते, उंबरठा किती, हे आधी माहीत हवं. त्यानंतरच्या सहा महिन्यांचा क्रम कसा असावा, यावर जाणकारांनी लिहावं.

प्रतोदगिरी

क्रम सांगतो. सगळ्यात आधी मुख्य प्रतोद, मग अर्थखात्याचा सावली मंत्री (सरकारच्या मंत्र्यासमोर विरोधकांनी नेमलेला माणूस), मग हरलेला प्रतिस्पर्धी, आणि उरलेली यादी शेवटी.

प्रतोद आधी का? कारण कोण ‘नाही’ म्हणणार हे त्यालाच ठाऊक असतं. नेत्याने थेट फोन करायचा आणि समोरच्याने नकार द्यायचा, ही पहिल्याच दिवसाची बातमी होते. म्हणून आधी प्रतोदाकडून चाचपणी, होकार आला की नेत्याचा फोन. ज्यांना वगळायचं त्यांना मात्र नेत्याने स्वतः सांगावं आणि घोषणेच्या आधी सांगावं. पद गेल्याचं बातमीदाराकडून कळलेला माणूस मागच्या बाकावर बसून वर्षभर हिशेब ठेवतो.

मोठ्या पराभवानंतर एक साधं गणित आड येतं. सरकारकडे मंत्री, राज्यमंत्री, उपमंत्री धरून शंभरेक माणसं. त्यांच्यासमोर उभं करायला तुमच्याकडे एकूण खासदारच सव्वाशे असतील तर जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी द्यावं लागतं. मग पद ही बक्षिशी उरत नाही आणि काढून घेण्याची भीतीही उरत नाही. त्यात पंधरा-वीस जणांनी ‘मी मागेच बरा’ म्हटलं की एकेका सदस्याकडे दोन-दोन खाती येतात. २०१६ च्या राजीनामासत्रानंतर कॉर्बिन यांच्यावर तीच वेळ आली होती. यावर इलाज म्हणजे खाती एकत्र करणं. सरकारच्या प्रत्येक खात्यासमोर माणूस हवाच असा हट्ट धरू नये. सात-आठ विषय नीट झाकले तर बाकीच्यांना ज्येष्ठांची समिती पुरते.

हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला वजनदार खातं द्यावं, पण ज्या विषयावर दोघांचं जाहीर भांडण झालं ते देऊ नये. नाहीतर प्रत्येक मुलाखतीत पहिला प्रश्न तोच.

अवांतर : मजूर पक्ष विरोधात असताना सावली मंत्रिमंडळ खासदारच मतदानाने निवडायचे. २०११ मध्ये एड मिलिबँड यांनी ती पद्धत मोडली. त्याआधीच्या नेत्यांना आपली टीमही पूर्णपणे आपली नसायची.

खडूफळा

सदनातली टीम जमेल हो, पण पक्ष कार्यालयाचं काय? नेता निवडून येतो तेव्हा सरचिटणीस, खजिनदार, कार्यकारिणी, जिल्ह्याजिल्ह्यांतले पदाधिकारी सगळे आधीच्याचे असतात. उमेदवारी कुणाला, शिस्तभंगाची कारवाई कुणावर, अधिवेशनात कोणता ठराव येणार, हे सगळं त्या खोल्यांत ठरतं.

ब्रिटनच्या मजूर पक्षात किअर स्टार्मर एप्रिल २०२० मध्ये निवडून आले आणि मे महिन्यातच सरचिटणीस बदलला. २०२१ च्या अधिवेशनात नेतेपदासाठी लागणारा खासदारांच्या पाठिंब्याचा उंबरठा १० वरून २० टक्के केला. बातम्यांत हे कंटाळवाणं वाटतं, पण २०१५ मध्ये कॉर्बिन ३५ ची गरज असताना ३६ नामांकनांवर स्पर्धेत आले होते हे लक्षात घेतलं की त्या आकड्याची किंमत कळते.

उलट आपल्याकडे काँग्रेसमध्ये खर्गे १९ ऑक्टोबर २०२२ ला ७,८९७ विरुद्ध १,०७२ असे निवडून आले. इतका मोठा कौल! पदभार घेतला त्या दिवशी कार्यसमितीच्या सदस्यांनी राजीनामे दिले आणि ४७ जणांची सुकाणू समिती नेमली गेली. कार्यसमितीसाठी निवडणूक न घेता नेमणुकांचा अधिकार अध्यक्षांना द्यायचं फेब्रुवारी २०२३ मध्ये रायपूरला ठरलं, आणि नवी कार्यसमिती जाहीर झाली ऑगस्टमध्ये. दहा महिने. एवढा काळ जुन्या-नव्यांचा तोल सांभाळण्यात जातो आणि तोवर राज्याराज्यांतल्या निवडणुका काही थांबत नाहीत.

पहिल्या आठवड्यात लेखी ताब्यात घ्यायच्या गोष्टी : बँक खात्यांवर सह्या कुणाच्या आहेत याची यादी आणि त्यांतला बदल, सदस्य नोंदणीचा मूळ विदा (एखाद्या गटाकडची प्रत नव्हे), समाजमाध्यमांच्या खात्यांचे पासवर्ड, भाडेकरार, चालू खटल्यांची यादी आणि वकिलांची थकलेली बिलं. शेवटची बाब नेहमी राहून जाते, आणि सहा महिन्यांनी नोटीस येते तेव्हा कळते.

आकडेमोड

खडूफळांच्या यादीत खजिन्यावर आणखी लिहायला हवं होतं. निवडणूक हरलेल्या पक्षाकडे तीन गोष्टी एकाच वेळी होतात. प्रचाराची देणी अंगावर येतात, देणगीदार ‘बघू, नवा माणूस कसा आहे’ म्हणून हात आखडतात, आणि जिथे सरकारी अनुदान असतं तिथे तेही घटतं.

ब्रिटनमध्ये विरोधी पक्षांना संसदीय कामासाठी १९७५ पासून ‘शॉर्ट मनी’ मिळतो. किमान दोन जागा, किंवा एक जागा आणि दीड लाख मतं, ही अट. रक्कम ठरते मागच्या सार्वत्रिक निवडणुकीतल्या जागा आणि मतांवर. म्हणजे नवा नेता कितीही लोकप्रिय झाला तरी जुन्या पराभवाच्या मापानेच पैसा येणार. विरोधी पक्षनेत्याच्या कार्यालयासाठी वेगळी तरतूद असते, पण हा पैसा संसदीय कामालाच वापरायचा, प्रचाराला नाही. संशोधक नेमा, पण पत्रकं छापू नका. ही सीमा कर्मचाऱ्यांना पहिल्या दिवशी लेखी द्यावी, कारण एकच माणूस सकाळी प्रश्न तयार करतो आणि संध्याकाळी पोटनिवडणुकीचं पत्रक लिहितो, आणि तक्रार तिथूनच होते.

दुसरं, नेतेपदाच्या मोहिमेचं कर्ज. कॅनडात लिबरल पक्षाची २००६ ची स्पर्धा संपली, आणि जानेवारी २००७ पासून व्यक्तीच्या देणगीची कमाल मर्यादा १,१०० डॉलरवर आली. कंपन्या आणि कामगार संघटनांना देणगी द्यायला बंदी झाली. दहा लाख डॉलर कर्ज धरा. प्रत्येकाने कमाल रक्कम दिली तरी ९१० माणसं लागतात. त्या स्पर्धेतल्या अनेकांची कर्जं पुढे कित्येक वर्षं रेंगाळली. शिवाय जो माणूस नेत्याचं कर्ज फेडतोय त्याच्याकडे पक्षासाठी पुन्हा हात पसरायचा कसा? म्हणून स्पर्धा चालू असतानाच खर्चाला कमाल मर्यादा घालावी आणि हरलेल्यांच्या कर्जफेडीसाठी पक्षाने दोन-तीन एकत्र कार्यक्रम करून द्यावेत. हे औदार्य नव्हे, गटबाजीवरचा तो स्वस्त उपाय आहे.

शून्यप्रहर

सदनातलं बोलू. ब्रिटिश संसदेत बुधवारी पंतप्रधानांना प्रश्न विचारायचा अर्धा तास असतो आणि विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न मिळतात. नव्या नेत्याच्या ठरलेल्या चुका अशा : सहा प्रश्न सहा विषयांवर विचारणं, एका प्रश्नात तीन उपप्रश्न कोंबणं (पंतप्रधान त्यांतला सोपा उचलतात), आणि सहावा प्रश्न ठेवणीतला ठेवणं. सहाव्यानंतर शेवटचा शब्द पंतप्रधानांचाच असतो, त्यावर तुम्हाला बोलता येत नाही. तेव्हा धार तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला असावी. पहिला प्रश्न छोटा, हो-नाहीचा, आणि उत्तराचा कागद आपल्या हातात असलेला. उत्तर टाळलं तर तोच पुन्हा विचारायचा.

विषय ठरवायची सूत्रंही सरकारच्याच हाती असतात. एका सत्रात विरोधकांना साधारण २० दिवस मिळतात, त्यांतले १७ सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचे, पण तारखा सरकार देतं. म्हणून तीन-चार ठराव कायम तयार हवेत. चांगला ठराव तो, ज्याच्या विरोधात मत देताना सत्ताधारी पक्षाच्या मागच्या बाकांवरच्यांना अवघड जावं.

भारतात मूळ प्रश्न पदाचाच आहे. लोकसभेत विरोधी पक्षनेत्याच्या मान्यतेसाठी दहा टक्के, म्हणजे ५५ सदस्य, हा संकेत. २०१४ ला काँग्रेसचे ४४, २०१९ ला ५२. दहा वर्षं पद रिकामं. २०२४ ला ९९ झाले आणि पद भरलं. १९७७ च्या कायद्याने या पदाला वेतन आणि सुविधा आहेत. पण खरं वजन आहे ते निवड समित्यांत : सीबीआय संचालक, लोकपाल, मुख्य माहिती आयुक्त, दक्षता आयुक्त, निवडणूक आयुक्त. बहुतेक ठिकाणी बहुमत सरकारकडे असतं, तेव्हा हाती उरतं ते लेखी असहमतीचं टिपण. ते बैठकीच्या आधी तयार करून न्यावं लागतं. बाहेर येऊन कॅमेऱ्यासमोर बोललेलं इतिवृत्तात जात नाही.

लोकलेखा समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून संकेताने विरोधकांकडे असतं. २२ सदस्यांची ही समिती महालेखापरीक्षकांच्या अहवालांवर काम करते. नवा नेता तिथे कुणाला बसवतो यावरून त्याची समज कळते. नाराज ज्येष्ठाचं पुनर्वसन म्हणून ती खुर्ची वापरली की संपलं.

तिरकस_चौकट

आणि नेता सदनातच नसेल तर? कॅनडात जगमीत सिंग ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते झाले, पण फेब्रुवारी २०१९ च्या पोटनिवडणुकीपर्यंत संसदेबाहेरच होते. सोळा महिने दुसराच सदस्य सदनात पक्षाचं काम बघत होता. देशभर फिरायला मोकळीक मिळते हे खरं, पण रोजच्या बातमीत चेहरा दिसत नाही. २०२५ मध्ये तिथल्याच कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते पॉलिएव्ह स्वतःची जागा हरले तेव्हा मात्र सहकाऱ्याने सुरक्षित मतदारसंघ मोकळा करून दिला आणि ऑगस्टमध्ये ते परत आले. मधल्या काळात अँड्र्यू शीअर सदनात विरोधी पक्षनेते होते.

माझं मत : चार महिन्यांत जागा शोधा. आणि मधल्या काळासाठी सदनात जो बसवाल त्याला पुढे नेतेपदाची आस नसावी. माजी नेता असेल तर उत्तम.

रानवारा

सगळे आतल्याच भानगडींवर लिहितायत. बाहेर सत्ताधारी गप्प बसलेले नसतात. कॅनडाच्या लिबरल पक्षात स्तेफान दियों २ डिसेंबर २००६ ला चौथ्या फेरीत निवडून आले. पहिल्या फेरीत ते तिसरे होते. जानेवारी संपायच्या आत सत्ताधारी पक्षाने त्यांच्याविरुद्ध दूरचित्रवाणी जाहिराती सुरू केल्या, ‘हा नेता नव्हेच’ या धर्तीच्या. निवडणूक दूर होती, त्यामुळे प्रचारखर्चाची मर्यादाही लागू नव्हती. लिबरल पक्षाकडे उत्तर द्यायला पैसा नव्हता (वर आकडेमोड यांनी लिहिलंय तेच कारण). २००८ ला पक्ष २६ टक्क्यांवर आला. पुढच्या नेत्यालाही, इग्नाटिएफ यांना, तसाच मारा सोसावा लागला आणि २०११ मध्ये पक्ष ३४ जागांवर घसरला. ते स्वतःही हरले.

तेव्हा पहिल्या आठ आठवड्यांत स्वतःची ओळख स्वतः करून देणं हे यंत्रणा ताब्यात घेण्याइतकंच तातडीचं. त्यासाठी नेतेपदाच्या मोहिमेतच थोडा पैसा राखून ठेवावा लागतो. शेवटच्या आठवड्यात सगळी तिजोरी झाडून काढणारे जिंकतात आणि महिनाभरात गारद होतात.

मुळाक्षर

@रानवारा, पटलं. पण आठ आठवडे तरी मिळतात का? न्यूझीलंडच्या नॅशनल पक्षात टॉड म्युलर २२ मे २०२० ला आले आणि ५३ दिवसांत गेले. सप्टेंबरमध्ये निवडणूक ठरलेली होती (पुढे ती १७ ऑक्टोबरला झाली). त्यांच्यानंतर ज्युडिथ कॉलिन्स आल्या आणि पक्ष ३३ जागांवर आला. निवडणूक चार महिन्यांवर असताना नेता बदलला की वर प्रतोदगिरींनी सांगितलेलं काहीच करायला वेळ उरत नाही, थेट प्रचारच.

प्रतोदगिरी

म्हणून तर घटनेत कवच असावं की नसावं हा वाद. ऑस्ट्रेलियाच्या मजूर पक्षाने २०१३ मध्ये नियम केला : नेता बदलायचा तर विरोधात असताना ६० टक्के, सत्तेत असताना ७५ टक्के खासदारांची मागणी हवी, आणि निवडीत खासदार आणि सदस्य यांचं वजन अर्धं-अर्धं. त्या नियमाखाली निवडून आलेले बिल शॉर्टन यांना सदस्यांत सुमारे ४० टक्केच मतं होती, खासदारांच्या जोरावर ते आले, आणि २०१६ ची निवडणूक हरूनही २०१९ पर्यंत टिकले. स्थैर्य मिळालं, सत्ता नाही मिळाली.

कॅनडात उलट दिशा. तिथल्या २०१४ च्या सुधारणा कायद्यानुसार २० टक्के खासदारांनी लेखी मागणी केली की नेत्यावर गुप्त मतदान. अट इतकीच की प्रत्येक नव्या संसदेच्या सुरुवातीला त्या पक्षाच्या खासदारांनी ही तरतूद स्वीकारायला हवी. एरिन ओटूल फेब्रुवारी २०२२ मध्ये ७३ विरुद्ध ४५ असे याच वाटेने गेले. म्हणजे निवडणूक हरल्यानंतरच्या पहिल्याच खासदार-बैठकीत नेता स्वतःच्या गच्छंतीचा नियम मतदानाला ठेवतो. तिथे विरोध करावा तर घाबरला म्हणतात, गप्प बसावं तर दार उघडं.

खडूफळा

काठावर आलेला नेता कमकुवत असतोच असं नाही. ऑस्ट्रेलियाच्या लिबरल पक्षात टोनी ॲबट डिसेंबर २००९ मध्ये ४२ विरुद्ध ४१ असे आले. एका मताने! वर्षभरात त्रिशंकू संसद, २०१३ ला सत्ता. तिथे पक्षात कार्बन उत्सर्जनाच्या योजनेवरून उभी फूट होती आणि त्यांनी पहिल्याच दिवसापासून एक बाजू घेतली. सगळ्यांना खूश ठेवणारा मधला सूर त्यांनी लावलाच नाही. अर्थात हे नेहमी जमतं असं नव्हे.

निवांत_वाचक

धोरणाचं कुणी लिहिलं नाही. नव्या नेत्याला पत्रकार पहिल्या दिवसापासून विचारतात, ‘तुमचा पर्याय काय?’ लवकर सांगितलं तर चांगलं ते सरकार उचलतं आणि उरलेल्याचा खर्च मोजून ठोकतं. उशीर केला तर ‘पोकळ’ हा शिक्का. ब्रिटनच्या हुजूर पक्षात कॅमरन डिसेंबर २००५ मध्ये आले आणि त्यांनी धोरणगट नेमून साधारण दीड वर्ष उत्तरं लांबवली, पण त्या काळात पर्यावरणासारखा एक विषय धरून पक्षाचा सूर बदलल्याचं दाखवत राहिले.

जुना ठराव मोडायचा असेल तर पद्धत महत्त्वाची. गेट्सकेल यांनी १९५९ च्या पराभवानंतर लगेच अधिवेशनात मजूर पक्षाच्या घटनेतल्या चौथ्या कलमावर (राष्ट्रीयीकरणाचं, १९१८ चं) हात घातला. कामगार संघटनांशी आधी बोलणी नाहीत, पर्यायी मसुदा नाही. पुढच्या वर्षी माघार. ब्लेअर यांनी ऑक्टोबर १९९४ च्या अधिवेशनात कलमाचं नावही न घेता घटना बदलण्याचं सूचित केलं, मग सहा महिने देशभर सदस्यांच्या सभा घेतल्या, मतदारसंघांना सदस्यांचं मतदान घ्यायला लावलं, नवा मजकूर समोर ठेवला, आणि २९ एप्रिल १९९५ च्या विशेष अधिवेशनात सुमारे ६५ टक्क्यांनी मंजूर करून घेतलं.

शून्यप्रहर

गोपनीय माहितीचं राहिलं. ब्रिटनमध्ये विरोधी पक्षनेत्याला प्रिव्ही कौन्सिलचा (राजाच्या सल्लागार मंडळाचा) सदस्य म्हणून सुरक्षाविषयक माहिती दिली जाते. ती कळली की त्यावर जाहीर बोलता येत नाही. पॉलिएव्ह यांनी तोंड बांधलं जाईल या कारणाने तसा सुरक्षा परवाना घ्यायचंच नाकारलं आणि त्यावर वर्षभर टीका झाली. माझ्या मते घ्यावा. न घेणारा सरकारला फुकटचा मुद्दा देतो.

आकडेमोड

भारतातल्या नव्या पक्षाध्यक्षासाठी कागदपत्रांचं एक सांगा कुणीतरी. पक्षाध्यक्ष वेगळा आणि सदनातला गटनेता वेगळा असला की गोंधळ होतो.

प्रतोदगिरी

होतोच. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला महाराष्ट्राच्या प्रकरणात स्पष्ट केलं की प्रतोद आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. म्हणून अध्यक्ष बदलला की दुसऱ्याच दिवशी अध्यक्षाच्या सहीने सभापती-अध्यक्षांना पत्र : गटनेता कोण, प्रतोद कोण. पोहोच घ्यावी, तारीख-वेळेसह. पक्षादेश मोडून कुणी मतदान केलं तर पक्षाला १५ दिवसांत ते माफ करता येतं. त्या मुदतीत कोणतंही ढिसाळ पत्र जाऊ देऊ नये, कारण माफीचा अर्थ त्यातूनच काढला जातो.

निवडणूक आयोगालाही पदाधिकारी बदलल्याचं कळवावं लागतं. आणि एबी फॉर्म! बी फॉर्मवर सही करायला अधिकृत कोण हे ए फॉर्मवर असतं; ती नावं, त्यांच्या सह्यांचे नमुने, हे सगळं नव्या अध्यक्षाच्या नावाने नव्याने जायला हवं. बी फॉर्मवर उमेदवाराचं आणि पर्यायी उमेदवाराचं नाव असतं. दोन्ही फॉर्म उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचले पाहिजेत, सही शाईची हवी, शिक्का किंवा फॅक्सची प्रत चालत नाही.

तिरकस_चौकट

यात एक भर. कोऱ्या सह्या केलेले बी फॉर्म जिल्हाध्यक्षांकडे आधी पाठवू नयेत. एकाच जागेसाठी दोघांच्या हातात फॉर्म निघतात आणि मग छाननीच्या टेबलावर नव्या नेत्याच्या सहीचीच दोन कागदं एकमेकांविरुद्ध उभी राहतात. क्रमांक टाकून, पोच घेऊन, एकाच माणसामार्फत वाटप करा.